जमलं नाही, हे कर्नेल सांगतो. पुढची ओळ ऐकते का?

सी भाषेत एखादं फंक्शन कॉल केलं की ते काम करतं आणि जाताना एक आकडा हातात ठेवतं. तो आकडा पाहायचा की न पाहता पुढे जायचं, यावर भाषेचं फारसं बंधन नाही. लिनक्सचा कर्नेल जवळजवळ सगळा याच भाषेत लिहिलेला आहे. त्यामुळे असं होऊ शकतं, की एका ओळीने मेमरी मागितली, मेमरी मिळाली नाही, ‘मिळाली नाही’ असं उत्तरही रीतसर आलं, आणि खालच्या ओळीने मेमरी मिळाल्याच्या थाटात काम चालू ठेवलं. अशा चुका वाचायला किरकोळ वाटतात. एक ‘इफ’, म्हणजे ‘असं असेल तर’ ही अट, लावला की मिटतील, असं वाटतं. कर्नेलच्या मेमरी कोडमध्ये मात्र त्या तशा मिटत नाहीत, आणि का मिटत नाहीत हेच इथे उलगडून सांगायचं आहे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग, जो आपले प्रोग्रॅम आणि प्रत्यक्ष हार्डवेअर यांच्या मधे उभा असतो. कुठल्या प्रोग्रॅमला मेमरीची कुठली पेजेस, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, द्यायची, नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, जन्माला येताना जुन्या प्रोसेसच्या मेमरीची नक्कल कशी करायची, फाइलचा कुठला भाग मेमरीत ठेवायचा, मेमरी संपत आली की कुणाकडून परत घ्यायची, हे सगळं त्याचा मेमरी विभाग पाहतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नेल त्याला बंद करतो आणि बाकीचं मशीन चालू राहतं. कर्नेलच चुकला तर त्याला सावरायला वर कुणी नाही. त्यातही मेमरीचा कोड सगळ्यांच्या पायाशी. इथे एक उत्तर ऐकायचं राहून गेलं, तर त्याचा परिणाम फाइल सिस्टिममध्ये, नेटवर्कमध्ये किंवा भलत्याच प्रोग्रॅममध्ये दिसतो. मूळ ओळ आणि दिसणारं नुकसान यांच्यात इतकं अंतर पडतं, की शोधणारा बऱ्याचदा चुकीच्या जागी खणत बसतो.

उत्तर देण्याच्या तऱ्हा

कर्नेलमधला साधारण रिवाज असा: काम झालं तर फंक्शन 0 देतं, नाही झालं तर उणे आकडा. उणे 12 म्हणजे मेमरी नाही, उणे 22 म्हणजे दिलेली माहितीच चुकीची, उणे 14 म्हणजे पत्ता चुकीचा, उणे 4 म्हणजे मधेच सिग्नल आला म्हणून काम सोडलं. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

गुंता होतो तो पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देणाऱ्या फंक्शनांपाशी. केमॅलॉकसारखं फंक्शन मेमरीचा पत्ता देतं आणि न जमल्यास नल, म्हणजे रिकामा पॉइंटर देतं. नलमधून ‘का जमलं नाही’ ते कळत नाही. म्हणून दुसरी काही फंक्शनं एररचा आकडाच पत्त्याच्या रूपात परत देतात. पत्त्यांच्या अवकाशातले अगदी शेवटचे 4095 आकडे यासाठी राखून ठेवलेले आहेत. तिथे कुठलीही खरी वस्तू नसते, त्यामुळे त्या पट्ट्यातला पत्ता आला की तो पत्ता नसून एरर आहे, असं समजायचं. युक्ती सुंदर आहे. पण अशा फंक्शनचं उत्तर कुणी फक्त नल आहे का एवढंच पाहिलं, तर एररचा पॉइंटर नल नसल्याने चाचणी पार करून जातो. कोड वाचणाऱ्याला तपासणी दिसते, आणि ती तपासणी काहीच तपासत नसते. माझ्या मते ही जात सगळ्यात फसवी, कारण परीक्षण करणाऱ्याची नजर ‘इफ’ दिसला की पुढे सरकते.

याहून वेगळ्या तऱ्हाही आहेत. प्रोग्रॅमच्या मेमरीतून कर्नेलमध्ये डेटा आणणारं कॉपी-फ्रॉम-युजर हे फंक्शन एरर कोड देतच नाही. किती बाइट आणायचे राहिले ते सांगतं. सगळे आले तर 0. आता कुणी हेच उत्तर जसंच्या तसं वर पाठवलं, तर ‘पत्ता चुकला’ असं सांगण्याऐवजी 37 सारखा धन आकडा वर जातो, आणि कर्नेलच्या रिवाजात धन आकडा म्हणजे अपयश नव्हे. प्रोग्रॅमची पेजेस मेमरीत पक्की धरून ठेवणारं गेट-युजर-पेजेस हे फंक्शन किती पेजेस धरली ते सांगतं. 16 मागितली आणि 9 मिळाली, हेही शक्य असतं. उत्तर उणे नाही म्हणून पुढे गेलेला कोड उरलेल्या 7 पेजेसच्या जागी काय पाहील, हे कुणालाच ठाऊक नाही. शिवाय ही अर्धवट मिळालेली 9 पेजेस सोडून द्यायची जबाबदारी आता कॉल करणाऱ्यावर आलेली असते.

आणि एक जुनं दुखणं, चिन्ह हरवण्याचं. उणे 12 हा आकडा चिन्ह नसलेल्या 32 बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला की तो 4294967284 होतो. त्यानंतर ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ हा प्रश्न कितीही वेळा विचारा, उत्तर कायम ‘नाही’.

इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का येत नाही?

याचं मुख्य कारण मेमरी विभागाच्या स्वभावातच आहे. कर्नेलच्या आतून साध्या पद्धतीने मागितलेली छोटी मेमरी जवळजवळ कधीच नाकारली जात नाही. सलग 8 पेजेसपर्यंतची मागणी, म्हणजे 4 केबीच्या पेजप्रमाणे 32 केबी, ‘छोटी’ धरली जाते. मेमरी नसेल तर कर्नेल इतरांकडून परत घेतो, थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, शेवटी एखादी प्रोसेस मारून जागा करतो, पण सहसा ‘नाही’ म्हणत नाही. हे वचन नाही. वागणूक आहे. वेगळ्या परिस्थितीत, उदाहरणार्थ जिथे थांबायची सोय नसते अशा इंटरप्टच्या, म्हणजे हार्डवेअरने मधेच हाक मारल्यावर चालणाऱ्या, कोडमध्ये, तीच मागणी सहज नाकारली जाते.

परिणाम असा, की हजारो ठिकाणी ‘मेमरी मिळाली नाही तर’ ही शाखा लिहिलेली असते, आणि ती एकदाही चाललेली नसते. चाललीच नाही तर चुकीची आहे हे कळणार कसं? 2014 च्या अखेरीस कर्नेलच्या विकासकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली. एका बाजूला हट्टाने प्रयत्न करत राहण्यामुळे मशीन अडकून पडायचं: मेमरी मागणाऱ्याने हातात कुलूप (एका वेळी एकालाच काम करू देणारी सोय) धरलेलं, मारायला निवडलेली प्रोसेस त्याच कुलपासाठी थांबलेली, ती मरेना म्हणून मेमरी सुटेना. दुसऱ्या बाजूला छोटी मागणी सरसकट नाकारायला सुरुवात केली, तर कर्नेलभर पसरलेल्या, कधीही न चाललेल्या शाखा एकदम चालू लागणार. दोन्ही वाटा धोक्याच्या. हा पेच मला या विषयाचा गाभा वाटतो. न तपासलेला एरर कोड नुसता त्या एका फंक्शनपुरता राहत नाही, तो खालच्या थराला सुधारू देत नाही.

याचं नेमकं उदाहरण 2016 साली घडलं. प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा बदलताना एक कुलूप घ्यावं लागतं. ते मिळेपर्यंत थांबलेली प्रोसेस पूर्वी मारताही यायची नाही. मेमरी संपलेली असताना कर्नेलने नेमकी हीच प्रोसेस मारायला निवडली, तर वर सांगितलेला अडकाव ठरलेला. म्हणून हे थांबणं ‘मारता येण्याजोगं’ करायचं ठरलं. पण त्याचा अर्थ असा, की ज्या फंक्शनांनी कधी नकार दिला नव्हता ती आता उणे 4 देऊ लागणार. त्यातलं एक व्हीएम-ब्रेक, प्रोग्रॅमसाठी कोऱ्या मेमरीचा पट्टा नकाशात जोडणारं. तपासायला गेल्यावर दिसलं, की ईएलएफ या फाइल-प्रकारातली लायब्ररी लोड करणारा कोड आणि जुन्या ए-आउट प्रकारच्या प्रोग्रॅमचा लोडर, दोघंही त्याचं उत्तर न पाहता पुढे जात होते. फंक्शनला तेव्हाही नकार द्यायची मुभा होती, फक्त तो प्रत्यक्षात येत नव्हता. आधी हे कॉल दुरुस्त झाले, मग कुलपाचा बदल झाला. 4.7 आवृत्तीत हे सगळं आलं. शिवाय त्या फंक्शनवर ‘उत्तर तपासलंच पाहिजे’ अशी खूणही लावली गेली. या खुणेकडे पुढे येतो.

फक्त मेमरी विभागालाच दोष द्यायला नको. 2008 साली विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्सच्या फाइल सिस्टिम आणि स्टोरेज ड्रायव्हरमधून एरर कोड कसे वाहतात हे तपासलं. ज्या 9022 कॉलमधून एरर वर जायला हवे होते, त्यातल्या 1153 ठिकाणी, म्हणजे 13 टक्के ठिकाणी, ते नीट जपले जात नव्हते.

दोन जागा, जवळून

पहिली जागा चेंज-प्रोटेक्शन नावाच्या फंक्शनची. मेमरीच्या एखाद्या पट्ट्यावर वाचण्या-लिहिण्याच्या परवानग्या बदलायचं काम ते करतं. युजरफॉल्ट-एफडी नावाची सोय हे फंक्शन वापरते. तिच्यामुळे एखादा प्रोग्रॅम सांगू शकतो, की ‘या पट्ट्यावर कुणी लिहायला गेलं तर आधी मला कळव’. चालू व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा, स्नॅपशॉट घेताना याचा उपयोग होतो: सगळी मेमरी लिहिण्यापासून बंद करायची, आणि जे पेज बदलायला कुणी येईल त्याची जुनी प्रत आधी जपून ठेवायची.

आता फाइल किंवा सामायिक मेमरीच्या बाबतीत एक अडचण आहे. ज्या पेजेसना अजून हातही लागलेला नाही, त्यांच्या पेज टेबलातही, म्हणजे कुठलं पेज कुठे आहे याच्या तक्त्यातही, ‘हे बंद आहे’ अशी खूण करून ठेवावी लागते. खूण करायला पेज टेबल हवं, आणि ते नसेल तर नवीन बनवायला मेमरी हवी. ती मिळाली नाही तर? 2023 च्या सुरुवातीपर्यंत उत्तर असं होतं: कर्नेल आपल्या लॉगमध्ये एक इशारा टाकायचा, राहिलेलं काम तसंच सोडायचा आणि प्रोग्रॅमला सांगायचा की काम झालं. स्नॅपशॉट घेणाऱ्याची समजूत, की अख्खा पट्टा बंद आहे. प्रत्यक्षात काही भाग उघडा. तिथे झालेलं लिखाण त्याला कळणारच नाही आणि स्नॅपशॉटमध्ये जुन्या-नव्याची भेसळ होईल.

हे दुरुस्त करायला एक ‘इफ’ का पुरला नाही, ते पाहण्यासारखं आहे. चेंज-प्रोटेक्शन किती पेजेस बदलली ती संख्या परत द्यायचं, आणि त्या संख्येचा प्रकार चिन्ह नसलेला होता. म्हणजे उणे 12 सांगायची वाटच नव्हती. आधी परतीचा प्रकार चिन्हासकट करावा लागला, खालच्या थरांतली फंक्शनंही त्याच मापाची करावी लागली, मग पेज टेबलाच्या प्रत्येक पातळीवर अपयश ओळखून वर चढवावं लागलं, आणि शेवटी ते प्रोग्रॅमपर्यंत पोचवावं लागलं. एप्रिल 2023 मध्ये आलेल्या 6.3 आवृत्तीत हे झालं. काल ज्या कॉलने ‘झालं’ म्हटलं असतं तो आज ‘मेमरी नाही’ म्हणतो, म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने वागणूक बदलली. कर्नेलमध्ये असा बदल कुणी सहज करत नाही. इथे तो करणंच योग्य होतं: प्रोग्रॅमला खरं कळलं तर तो पुन्हा प्रयत्न करेल किंवा थांबेल. खोटं यश मिळालं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरी जागा पेज कॅशची, म्हणजे फाइलचा डेटा डिस्कवर जाण्याआधी जिथे मेमरीत थांबतो तिथली. प्रोग्रॅमने लिहिलेला डेटा कर्नेल सवडीने डिस्कवर पाठवतो. पाठवताना डिस्क बिघडली तर त्या क्षणी सांगायला समोर कुणी नसतं, कारण लिहिणारा प्रोग्रॅम कधीच पुढे गेलेला असतो. म्हणून कर्नेल त्या फाइलवर ‘एरर आली’ अशी खूण ठेवायचा आणि प्रोग्रॅमने एफसिंक करून, म्हणजे ‘सगळं डिस्कवर पोचव’ असं सांगून, विचारलं की सांगायचा. गोम अशी, की जो पहिला विचारेल त्याला उत्तर मिळायचं आणि खूण पुसली जायची. कर्नेलच्या आतलाच एखादा कोड आपल्या कामासाठी थांबताना ती खूण पाहायचा, पुसायचा आणि उत्तर टाकून द्यायचा. नंतर खऱ्या मालकाने विचारलं तर उत्तर 0, सगळं ठीक. पोचपावती भलत्याच्या हाती पडावी आणि त्याने ती फाडून टाकावी, तसं.

2017 साली 4.13 आवृत्तीत यावर नवी रचना आली. एकाच खुणेऐवजी 32 बिटांचं एक मूल्य: खालच्या 12 बिटांत शेवटची एरर, एका बिटात ‘हे कुणी पाहिलं आहे का’, आणि उरलेल्या बिटांत मोजणी. उघडलेली प्रत्येक फाइल आपण शेवटचं काय पाहिलं ते स्वतःजवळ ठेवते आणि तुलना करते. त्यामुळे एकाने पाहिलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर हरवत नाही. आकाराने एवढीशी ही कल्पना मला फार आवडते, कारण ती ‘तपासा रे’ असं कुणाला बजावत नाही. न तपासणाऱ्याने दुसऱ्याचं नुकसान करण्याची सोयच ती काढून घेते.

तरीही 2018 मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसच्या विकासकांना यातलं आणखी एक टोक बोचलं. एफसिंक फसल्यावर ते पुन्हा एफसिंक करून पाहायचे. पण फसलेली पेजेस कर्नेलने ‘स्वच्छ’ ठरवलेली असायची, मग दुसऱ्या खेपेला लिहायला काही उरायचंच नाही आणि उत्तर यश असं यायचं. डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसायचा. फेब्रुवारी 2019 च्या आवृत्त्यांपासून त्यांनी धोरण बदललं: एफसिंक फसलं की डेटाबेस मुद्दाम बंद पाडायचा आणि आपल्या नोंदवहीवरून सगळं पुन्हा उभं करायचं. कठोर वाटतं, पण डेटा जपायचा तर दुसरा मार्गच नव्हता.

न ऐकलेला नकार सुरक्षेवरही बेततो. मेमरीच्या बाहेरचं, पण याच जातीचं एक प्रसिद्ध उदाहरण अँड्रॉइडचं, 2010 सालचं. फोनमधली एक सेवा सर्वाधिकारांनी सुरू व्हायची आणि मग सेटयूआयडी करून ते अधिकार सोडून द्यायची. सोडता आले का, हे पाहायची नाही. एका वापरकर्त्याच्या नावावर किती प्रोसेस असाव्यात याला मर्यादा असते. हल्लेखोर ती मर्यादा आधीच भरून ठेवायचा, सेवा पुन्हा सुरू करायला लावायचा, सेटयूआयडी फसायचं आणि सेवा सर्वाधिकारांसकट चालू राहायची. 2011 मध्ये 3.1 आवृत्तीत कर्नेलनेच ही मर्यादा तपासण्याची जागा सेटयूआयडीतून काढून नवा प्रोग्रॅम सुरू करण्याच्या टप्प्यावर नेली. ऐकणार नाहीत अशांपुढे नकार द्यायचाच नाही, असा तो निर्णय होता.

दुरुस्ती म्हणजे मागे फिरण्याची वाट

एरर ओळखली. पुढे काय? तोवर फंक्शनने तीन-चार कामं केलेली असतात: मेमरी घेतली, कुलूप लावलं, कुठल्याशा यादीत नोंद केली, मोजणी वाढवली. चौथं काम फसलं तर आधीची तीन उलट्या क्रमाने परत घ्यायची असतात. कर्नेलमध्ये यासाठी ‘गोटू’ची शिडी वापरतात. फंक्शनच्या शेवटी पूर्ववत करण्याच्या पायऱ्या एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि जिथे फसलं त्यानुसार योग्य पायरीवर उडी मारून खाली उतरायचं. इतरत्र गोटू बदनाम आहे, इथे मात्र ती सर्वमान्य पद्धत आहे.

या शिडीवरची सर्वांत नेहमीची चूक अशी: उडी बरोबर मारली, सगळं परत घेतलं, पण उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या यशस्वी कामाचा 0 तसाच राहिला. फंक्शन सगळं आवरून सवरून ‘झालं’ असं सांगतं. कॉल करणारा नुकत्याच सोडून दिलेल्या वस्तूला हात घालतो.

आणि दुरुस्तीच घातक ठरते, त्याची गोष्ट स्लब या मेमरी वाटपकाच्या कोडमधली आहे. स्लब आपल्या प्रत्येक कॅशची, म्हणजे एकाच मापाच्या वस्तूंच्या साठ्याची, नोंद सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नेलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या सोयीत, करतो. ती नोंद करणारं फंक्शन फसलं तर कॅशच्या नावासाठी घेतलेले थोडेसे बाइट कुणीच सोडत नव्हतं. म्हणून 2020 मध्ये त्या अपयशाच्या शाखेत ‘संदर्भ सोडा’, म्हणजे ‘ही वस्तू मला आता नको’, अशी ओळ घातली गेली. नियमाला धरूनच होती ती. अशी नोंद फसली तर संदर्भ सोडायलाच हवा, असं त्या फंक्शनच्या वरच लिहिलेलं आहे. पण तो संदर्भ शेवटचा होता. सोडताच अख्खी कॅश मोकळी व्हायची. नंतर एरर वर जायची, वरचं फंक्शन आपली जबाबदारी म्हणून तीच कॅश पुन्हा मोकळी करायचं. काही बाइटची गळती बुजवताना एकच मेमरी दोनदा सोडली जाऊ लागली, आणि दोनदा सोडलेली मेमरी हे हल्लेखोरांचं आवडतं दार असतं. सिझबॉट या स्वयंचलित चाचणीयंत्रणेने ते पकडलं आणि 2021 मध्ये ती ओळ मागे घेतली गेली. विशेष म्हणजे तशीच ओळ काही वर्षं आधी याच कारणासाठी तिथून काढून टाकलेली होती.

यातून दिसतं ते हे, की ‘अपयश आलं तर ही वस्तू कोण सोडणार, मी की मला कॉल करणारा’ हा प्रश्न कोडच्या एका ओळीत कुठेच लिहिलेला नसतो. तो दोन-तीन फंक्शनांमधला करार असतो. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्याने फक्त आपलं फंक्शन वाचलं तर हा करार दिसत नाही. म्हणून अशा पॅचच्या वर्णनात मी सगळ्यात आधी ‘वरचा कोण काय सोडतो’ याचा उल्लेख शोधतो. तो नसेल तर पॅच दोन ओळींचा असला तरी पूर्ण वाट पुन्हा वाचावी.

याहून चांगला उपाय म्हणजे मागे फिरण्याची वेळच कमी आणणं. प्रोसेसच्या मेमरीत नवा पट्टा जोडणारं एममॅप-रीजन हे फंक्शन याचं उदाहरण. त्यात ड्रायव्हरचा स्वतःचा कोड चालून गेल्यावरही पुढे काही गोष्टी फसू शकायच्या. ड्रायव्हरने त्या पट्ट्यात काय काय बदल केले असतील हे कर्नेलला ठाऊक नसताना सगळं उलटवावं लागायचं. 2024 मध्ये इथली अपयशाची वाट नीट लावण्याचं मोठं काम झालं. कल्पना साधी: जे फसू शकतं त्यातलं शक्य तेवढं आधी उरकून घ्यायचं, लागणारी मेमरी आधीच बाजूला काढून ठेवायची, आणि परत फिरता येणार नाही अशा टप्प्यानंतर नकार येण्याची शक्यता कमीत कमी ठेवायची. मेमरी विभागात हा विचार अनेक ठिकाणी उपयोगी पडतो.

काही वेळा मात्र नकार अशा जागी येतो जिथे तो येईल असं कुणाच्या मनातही नसतं. मेमरी परत देणारा मुनमॅप हा कॉल ‘मेमरी नाही’ म्हणून फसू शकतो! एका लांब पट्ट्याच्या मधला तुकडा परत केला की एका पट्ट्याचे दोन होतात. एका प्रोसेसचे किती पट्टे असावेत याची मर्यादा सर्वसाधारणपणे 65530 असते. ती गाठलेली असेल तर परत देण्यालाही नकार मिळतो. मुनमॅपचं उत्तर न पाहणारा प्रोग्रॅम ती मेमरी गेली असं धरून चालतो.

पकडायचं कसं

कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरची मदत होते. फंक्शनच्या घोषणेवर ‘मस्ट-चेक’ ही खूण लावली, की उत्तर टाकून देणाऱ्या प्रत्येक कॉलवर इशारा येतो. जीसीसी या कंपायलरमध्ये उत्तर मुद्दाम ‘व्हॉइड’, म्हणजे नको असलेलं, ठरवूनही हा इशारा गप्प बसत नाही. पण उत्तर एखाद्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि नंतर त्याच्याकडे पाहिलंच नाही, तर या खुणेचं समाधान होतं.

त्यापुढे स्थिर विश्लेषणाची, म्हणजे कोड न चालवता तपासण्याची, साधनं येतात. फ्रान्समध्ये विकसित झालेलं कॉक्सिनेल ‘असं फंक्शन कॉल झालं आणि त्याचं उत्तर तपासलं नाही’ असे आकृतिबंध अख्ख्या कर्नेलभर शोधतं आणि पॅचही तयार करून देतं. त्याचे तयार नियम कर्नेलच्या कोडबरोबरच येतात. स्मॅच हे साधन यश-अपयशाच्या वाटा मागोवा घेत तपासतं, राहून गेलेला 0 ते चांगलं हेरतं. या साधनांनी दाखवलेली प्रत्येक जागा खरी चूक नसते, हे मात्र ध्यानात ठेवावं. वरची स्लबची गोष्ट वाचल्यावर ‘साधनाने सांगितलं म्हणून बदललं’ हे कारण पुरेसं का नाही, ते वेगळं सांगायला नको.

2022 च्या डिसेंबरमध्ये 6.1 आवृत्तीपासून कर्नेलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. तिथे यश आणि अपयश एकाच प्रकारात बांधलेले असतात आणि आतली वस्तू काढायची तर दोन्ही शक्यतांना सामोरं जावं लागतं. पण भाषा आली म्हणून काम संपत नाही: रस्टच्या नेहमीच्या लायब्ररीत मेमरी मिळाली नाही तर प्रोग्रॅम थेट कोसळतो. 2021 मध्येच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी हे कर्नेलमध्ये चालणार नाही असं स्पष्ट केलं, आणि कर्नेलसाठी नकार परत देणारं वेगळं मेमरी वाटप बनवावं लागलं. सी मध्येही 2023 च्या 6.5 आवृत्तीपासून व्हेरिएबलची हद्द संपली की आपोआप सोडून देण्याची सोय आली आहे, त्यामुळे नव्या कोडमध्ये गोटूच्या शिड्या आखूड होत चालल्या आहेत.

माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे तो मुद्दाम नकार द्यायला लावण्यावर. कर्नेलमध्ये फॉल्ट इंजेक्शनची सोय 2007 च्या 2.6.20 आवृत्तीपासून आहे. त्यातलं फेलस्लॅब छोट्या वाटपांना नकार द्यायला लावतं, फेल-पेज-अॅलॉक पेजेसच्या वाटपाला. सुरुवातीला हा नकार शक्यतेवर असायचा, शंभरातून अमुक इतक्या वेळा. चूक सापडली तरी ती पुन्हा घडवून दाखवणं कठीण जायचं. 2017 मध्ये ‘फेल-एनथ’ आलं आणि ही अडचण दूर झाली. प्रत्येक टास्कच्या, म्हणजे चालू कामाच्या, प्रॉक निर्देशिकेत (/proc खालच्या फोल्डरमध्ये) या नावाची फाइल असते. तिच्यात 1 लिहा आणि तपासायचा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलला केलेली विनंती, करा: आतलं पहिलं वाटप नाकारलं जाईल. फाइल वाचून पाहा. 0 दिसला तर नकार खरोखर दिला गेला. मग 2 लिहा, पुन्हा तोच कॉल. मग 3. असं करत ज्या फेरीत फाइल वाचल्यावर 0 ऐवजी धन आकडा मिळेल, त्या फेरीत तेवढी वाटपं झालीच नाहीत, म्हणजे त्या कॉलच्या वाटेवरचं प्रत्येक वाटप एकेकदा नाकारून झालं. हे व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. सोबत केएसॅन आणि केमेमलीक ही कर्नेलमधली तपासणीची साधनं चालू ठेवा, म्हणजे सोडलेल्या मेमरीला लावलेला हात आणि न सोडलेली मेमरी, दोन्ही लगेच लॉगमध्ये दिसतील. एममॅप (मेमरी जोडणं), फोर्क (नवी प्रोसेस बनवणं) आणि एमप्रोटेक्ट (परवानग्या बदलणं) या तीन कॉलपासून सुरुवात करावी. त्यांच्या वाटेवर वाटपं भरपूर आहेत, आणि प्रत्येक नकारानंतर प्रोग्रॅमला मिळणारं उत्तर उणे 12 च आहे ना, हे ताडून पाहणं सोपं जातं.